होडी सरहद्दीपलीकडून आणायची आहे: ‘व्हॅट भरलेली’ म्हणजे नक्की काय?

वल्हेकर (धागाकर्ते)

रामराम मंडळी,

चार वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर फुकट दोर ओढून झाले, आता स्वतःची घ्यायचं ठरवलंय. मी युरोपीय संघातल्या एका देशात राहतो. पसंत पडलेली होडी मात्र ब्रिटनमध्ये आहे. शिडाची, ९.२ मीटर, २००४ साली फ्रान्समध्ये बांधलेली, सुरुवातीपासून एकाच मालकाची. पहिल्या विक्रीच्या वेळी व्हॅट भरल्याचं मूळ बिल त्यांच्याकडे आहे, त्याचा फोटोही त्यांनी पाठवलाय. ‘व्हॅट पेड आहे, तुम्हाला एक छदाम भरावा लागणार नाही’ असं ते छातीठोकपणे सांगतात.

डोलकाठी उतरवून ट्रकवर टाकून आणायचा विचार आहे. अ‍ॅडव्हान्स पुढच्या आठवड्यात द्यायचाय. कस्टम्सची काय भानगड असते? ब्रिटिश झेंडा तसाच ठेवला तर फायदा होतो असंही कुणीतरी म्हणालं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शिडाची_दोरी

अ‍ॅडव्हान्स देऊ नका. आधी एवढंच सांगा: ३१ डिसेंबर २०२० च्या मध्यरात्री ही होडी कुठे उभी होती?

वल्हेकर

ब्रिटनमध्येच, त्यांच्या नेहमीच्या मरीनात (होड्या बांधून ठेवायच्या बंदरात). पण ताई, पत्रिका बघितल्यासारखं का विचारताय?

शिडाची_दोरी

कारण होडीची पत्रिका तिथेच बदलली. :)

सविस्तर लिहिते, कारण हा घोळ दर काही महिन्यांनी कुणाच्या तरी गळ्यात पडतो.

‘व्हॅट पेड’ हा होडीवर मारलेला कायमचा शिक्का नाही. युरोपीय संघाच्या कस्टम्सच्या लेखी माल दोनच प्रकारचा: संघाचा आणि संघाबाहेरचा. संघात तयार झालेली किंवा रीतसर आयात केलेली होडी संघाची. ती संघात कुठेही फिरवा, कुणी आयातीचा कर मागत नाही. पण ती संघाबाहेर गेली की तिचा हा दर्जा जातो. खिशातल्या बिलावर २००४ सालचा व्हॅट छापलेला असला तरी जातो.

ब्रेक्झिटची संक्रमण मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली. त्या क्षणी २७ देशांच्या पाण्यात असलेल्या होड्यांचा संघाचा दर्जा टिकला. ब्रिटनमध्ये बांधून ठेवलेल्यांचा गेला, त्यांना ब्रिटनचा दर्जा मिळाला. उत्तर आयर्लंडची सोय वेगळी आहे, तिथल्या होड्या मालाच्या बाबतीत संघाच्याच मानल्या जातात. म्हणजे होडी जागची हलली नाही, सरहद्दच तिच्यावरून गेली.

विक्रेते खोटं बोलत नाहीयेत. त्यांचा व्हॅट भरलेला आहे, फक्त तो आता तुमच्या कामाचा नाही.

वल्हेकर

बोंबला. पण ‘परत आलेला माल’ अशी काही सवलत असते ना? मूळची फ्रान्सचीच तर आहे.

शिडाची_दोरी

असते, आणि चांगली असते. बाहेर गेलेला माल तीन वर्षांच्या आत, मोठी सुधारणा न करता, गेला तसाच परत आला तर आयात शुल्क माफ. व्हॅटच्या माफीला आणखी एक अट आहे: ज्याने बाहेर नेला त्यानेच परत आणायला हवा. तुम्ही नवे मालक, म्हणजे व्हॅटची माफी तिथेच संपली. शुल्काच्या सवलतीची तीन वर्षांची मुदतही तुमच्या होडीच्या बाबतीत कधीच उलटून गेलीय.

जगप्रवासाला निघालेल्यांनी मात्र ही मुदत भिंतीवर लिहून ठेवावी. संघाची होडी घेऊन निघालात, चौथ्या वर्षी परत आलात, तर आपल्याच होडीवर दुसऱ्यांदा व्हॅट भरायची पाळी येऊ शकते. आणि होडी बाहेर असताना विकलीत, तर तीन महिन्यांत परत आली तरी नव्या मालकाला ही माफी नाही. खरेदी-विक्री कुठल्या पाण्यात झाली याला म्हणूनच एवढं महत्त्व असतं.

कागदी_घोडा

दोरीताईंनी नेहमीप्रमाणे मुद्द्याचं लिहिलंय. (दंडवत.) मी जकातीच्या कागदपत्रांच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, तेव्हा हिशेबाचं मी लिहितो.

होडीची किंमत १०० धरा. सरहद्दीपर्यंतचा वाहतूक आणि विम्याचा खर्च ८. झाले १०८. आयात शुल्क या १०८ वर लागतं. हलची (होडीच्या मूळ धडाची) एकूण लांबी १२ मीटर किंवा जास्त असेल तर ती ‘समुद्रगामी’ धरतात आणि शुल्क शून्य. त्याहून लहान असेल तर १.७ टक्के. हवा भरायची, १०० किलोपर्यंतची रबरी होडी असेल तर २.७. तुमची ९.२ मीटर, म्हणजे १.७ टक्के, साधारण १.८४. आता झाले १०९.८४. व्हॅट या सगळ्या बेरजेवर, नुसत्या किमतीवर नाही. दर २१ टक्के असेल तर २३.०७. म्हणजे शंभराची होडी दारात येईपर्यंत जवळजवळ १३३ ला पडली. एजंटची फी आणि ट्रकचं उरलेलं भाडं वेगळं.

कुणी म्हणेल, ब्रिटन आणि संघात व्यापार करार आहे, मग शुल्क का? करारातली शून्य टक्क्यांची सवलत ब्रिटनमध्ये ‘तयार झालेल्या’ मालाला आहे. तुमची होडी फ्रान्सची. ती वीस वर्षं ब्रिटिश पाण्यात डुंबली म्हणून ब्रिटिश होत नाही. गंमत बघा, फ्रेंच होडी फ्रान्समध्ये आणायला शुल्क, आणि ब्रिटिश बांधणीची आणली तर पुराव्यानिशी माफ.

किंमत कमी दाखवायचा मोह असेल तर आत्ताच सोडा. जुन्या होड्यांचे भाव जाहिरातींत सगळ्यांना दिसतात, कस्टम्सवाल्यांनाही. होडी खरंच खराब असेल तर सर्व्हेअरचा अहवाल जोडा, तो ऐकून घेतात.

शंकेखोर

व्हॅटचे दर देशागणिक वेगळे आहेत ना? लक्झेंबर्ग १७, माल्टा १८, जर्मनी १९, क्रोएशिया २५, हंगेरी २७. मग १८ वाल्याकडून आत शिरायचं की. एकदा आत आली की सगळीकडे मोकळी.

कागदी_घोडा

होडी खरोखर माल्टाला नेऊन तिथे आयात केलीत तर त्यात बेकायदा काही नाही. फक्त कागदावर माल्टा आणि होडी भलत्याच बंदरात असं चालत नाही. आणि ९ मीटरच्या होडीसाठी तिथवर नेण्याचा खर्च वाचलेल्या दोन-तीन टक्क्यांहून जास्त व्हायचा. मोठ्या यॉटवाल्यांनी भाडेकराराच्या नावाखाली दर आणखी खाली आणले होते, त्यावर युरोपीय आयोगाने २०१८ साली माल्टा, सायप्रस आणि ग्रीसविरुद्ध कारवाई सुरू केली. तुमच्या-आमच्या होडीला हे नखरे परवडत नाहीत.

शंकेखोर

बरं, मग दुसरी आयडिया. होडी ब्रिटनमधल्या चुलतभावाच्या नावावर, झेंडा ब्रिटिश, आणि वल्हेकर इकडे १८ महिने वापरतात. तात्पुरत्या आयातीत कर नसतो असं वाचलंय.

शिडाची_दोरी

वल्हेकर, हे ऐकूसुद्धा नका.

तात्पुरत्या आयातीची सवलत पाहुण्यांसाठी आहे. होडी संघाबाहेर नोंदलेली, मालक संघाबाहेर राहणारा, वापर खाजगी. तर १८ महिने शुल्क नाही, व्हॅट नाही, आणि बहुतेक वेळा लेखी अर्जही लागत नाही. सरहद्द ओलांडून आलात हीच घोषणा. पण संघात राहणारा माणूस अशी होडी चालवताना सापडला की सवलत त्याच क्षणी मोडते आणि पूर्ण कर देणं लागतं, वर दंड. एक अपवाद आहे: मालक स्वतः त्या वेळी संघात हजर असेल आणि त्याच्या सांगण्यावरून तुम्ही अधूनमधून चालवत असाल तर. चुलतभाऊ तिकडे घरी चहा पितोय आणि तुम्ही इकडे शीड चढवताय, हे त्यात बसत नाही.

आणि झेंडा. झेंडा होडीची नोंदणी कुठली ते सांगतो, कर भरला की नाही ते सांगत नाही. संघातल्या देशाचा झेंडा असलेली आणि कर न भरलेली होडी असू शकते, परदेशी झेंड्याची आणि कर भरलेलीही असू शकते. अधिकारी झेंडा बघून फक्त पुढचा प्रश्न ठरवतात.

भटकी_नाव

आम्ही ते पाहुणे. :) राहायला संघाबाहेर, होडी भूमध्य समुद्रात, चार हंगाम झाले.

१८ महिने हे होडीचे असतात, आमच्या व्हिसाचे नाहीत. व्हिसाचा १८० दिवसांतले ९० दिवस हा हिशेब वेगळा. सुरुवातीला आम्ही दोन्ही एकत्र करून डोकं पिकवून घेतलं. घड्याळ परत शून्यावर आणायला होडी संघाच्या कस्टम्स हद्दीबाहेर गेली पाहिजे. तुर्कस्तान, माँटेनेग्रो, अल्बानिया, ट्युनिशिया, जे जवळ पडेल ते. किती दिवस बाहेर राहायचं याचं बंधन नाही, पण गेलो होतो हे सिद्ध करावं लागतं. तिथल्या बंदराचा शिक्का, मरीनाची पावती, डिझेलची पावती, लॉगबुकातली नोंद. आम्ही प्लास्टिकच्या एका पाकिटात सगळं ठेवतो. दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा अधिकाऱ्याने आमच्या तोंडाकडे न बघता पाकीटच मागितलं.

होडी भाड्याने द्यायची नाही, हंगामात ‘जरा मित्रांना फिरवून आणू, डिझेलचे पैसे घेऊ’ असलंही काही करायचं नाही. तात्पुरत्या आयातीत धंदा आला की संपलं.

ओहोटी

अवांतर: नुसतं १२ सागरी मैलांबाहेर जाऊन वळून परत आलं तर?

भटकी_नाव

समुद्र पावती देत नाही हो.

बंदरबाबू

हा धागा वाचनखुणांत. युरोपाबाहेरचं थोडं टाकतो.

अमेरिकेत ठरावीक देशांच्या झेंड्यांच्या खाजगी होड्यांना क्रूझिंग लायसन्स (तिथल्या पाण्यात फिरायचा परवाना) मिळतं, जास्तीत जास्त एक वर्षाचं. ते संपलं की देशाबाहेर जायचं, निदान १५ दिवस जाऊ द्यायचे, आणि परदेशी बंदरातून परत यायचं. तेव्हा दुसरं मिळतं. शुल्क न भरलेली परदेशी झेंड्याची यॉट तिथल्या पाण्यात तिथल्या रहिवाशाला विकायला ठेवता येत नाही. यॉटच्या जाहिरातींखाली ‘अमेरिकेच्या पाण्यात असताना अमेरिकी रहिवाशांना विक्रीस नाही’ अशी बारीक ओळ असते ती याचसाठी.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी पोचायच्या निदान १२ तास आधी कळवायचं, आणि ९० दिवसांहून आधी कळवायचं नाही. न्यूझीलंडला कराइतकाच होडीच्या बुडाचा प्रश्न. मे २०१८ पासून खालच्या अंगाला शेवाळ, शिंपले चिकटलेली होडी चालत नाही. घासल्याचे फोटो आणि रंग लावल्याच्या पावत्या जवळ ठेवाव्या लागतात. पोचल्यावर पिवळा ‘क्यू’ झेंडा चढवायचा आणि मंजुरी मिळेपर्यंत किनाऱ्यावर उतरायचं नाही, हे बहुतेक सगळीकडे.

तात्पुरत्या आयातीची कल्पना तशी जुनी आहे. खाजगी विमानं आणि सहलीच्या होड्या यांच्यासाठी जिनिव्हाला मे १९५६ मध्येच आंतरराष्ट्रीय करार झाला होता. मुदती मात्र प्रत्येक देश आपापल्या ठेवतो, तेव्हा शेजारच्या देशाचा अनुभव चिकटवू नये.

कॅनरी बेटांवरून जाणाऱ्यांसाठी एक गंमत: ती संघाच्या कस्टम्स हद्दीत आहेत, पण व्हॅटच्या हद्दीत नाहीत. जर्मनीचं हेलिगोलँड बेट तर कस्टम्स हद्दीतही नाही.

सागरिका

आम्ही पुढच्या वर्षी बाहेरून संघातल्या एका देशात कायमचे राहायला जातोय. आमच्या होडीवरही कर?

शिडाची_दोरी

तुमच्यासाठी चांगली बातमी. घर हलवताना घरगुती सामानाला जी माफी मिळते, त्यात सहलीची होडी स्पष्ट शब्दांत आहे. निदान १२ महिने सलग बाहेर राहिलेलं असावं, होडी निदान सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी, आणि राहायला आल्यापासून १२ महिन्यांत आणावी. नंतर १२ महिने विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. विमा आणि मरीनाची बिलं तुमच्या नावाची आत्तापासून जमवा. अर्ज होडी हलवायच्या आधी करा, नंतर नको.

तांडेल७

कराचं झालं, आता माझी रड ऐका.

मी संघाबाहेरून होडी ट्रकवर आणली. पाण्यातून आलात तर आलात, ट्रकवरून आलात की होडी म्हणजे माल. त्या देशातून निर्यातीचा कागद, इकडे आयातीचा, आणि मधल्या देशात न थांबता थेट आपल्या गावच्या कस्टम्सला भरायचं असेल तर टी-वन नावाचा ट्रान्झिटचा कागद, त्याला हमी. हे सगळं एजंटने केलं होतं. शुल्क-व्हॅटचे पैसे तयार. तरी होडी अकरा दिवस यार्डात पडून.

कारण? हलचा क्रमांक. होडीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे वरच्या अंगाला कोरलेला असतो. युरोपीय होडीचा चौदा खुणांचा: देश, कारखाना, पाच जागांचा अनुक्रमांक, मग महिन्याचं अक्षर, वर्षाचा अंक आणि मॉडेलचं वर्ष. माझ्या होडीवर अनुक्रमांकात शून्य होता. विक्रेत्याने बिल ऑफ सेल (विक्रीचा कागद) टाइप करताना तिथे इंग्रजी ‘ओ’ घातला. संगणकाला ती वेगळी होडी. अनुक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, नेमकी याच घोटाळ्यासाठी. पण हे मला सहाव्या दिवशी कळलं, आणि खिडकीतल्या माणसाला मी सांगितलं तरी त्याला दुरुस्त केलेला मूळ कागद सहीशिक्क्यानिशी हवा होता. विक्रेता सुट्टीवर. यार्डाचं भाडं रोज चढतंय, ट्रकवाला फोन उचलेना, आणि मी त्या चौदा खुणांवर बोट फिरवत उभा.

माझ्यासारखं करू नका. क्रमांकावर खडू घासून जवळून फोटो घ्या, आणि एकेक खूण मोठ्याने वाचून कागदाशी ताडा. रबरी होडी, तिचं आउटबोर्ड इंजिन त्याच्या क्रमांकासह, ट्रेलर असेल तर तोही, सगळं बिल ऑफ सेलमध्ये लिहून घ्या.

आणि ९.२ मीटरची होडी रुंदीला तीन मीटरच्या आसपास असणार. रस्त्यावर २.५५ मीटरच्या पुढे गेलं की जादा रुंदीची परवानगी लागते, प्रत्येक देशाची वेगळी. ट्रकवाल्याला आधीच विचारा की ती त्याच्या भाड्यात धरलीय का.

शंकेखोर

सी ई खुणेचं, म्हणजे होडी संघाच्या सुरक्षा नियमांत बसते हे सांगणाऱ्या शिक्क्याचं, कुणीच बोललं नाही.

कागदी_घोडा

बरोबर. कर भरला म्हणजे होडी कायदेशीर झाली असं नाही. सहलीच्या होड्यांना सी ई खूण १६ जून १९९८ पासून सक्तीची. अमेरिकेसाठी बांधलेली, खूण नसलेली होडी आणायची तर मान्यताप्राप्त संस्थेकडून बांधणीनंतरची तपासणी करून घ्यावी लागते, आणि छोट्या जुन्या होडीला तो खर्च जड जातो. कयाक, कॅनू, शर्यतीच्या होड्या सुटतात. १९५० पूर्वीच्या रचनेच्या, मूळच्या सामानाने बांधलेल्या ऐतिहासिक होड्याही. वल्हेकरांच्या होडीवर २००४ ची पाटी असायला हवी. पाटीचा आणि मालकाच्या पुस्तिकेतल्या घोषणापत्राचा फोटो मागवा, आणि बाहेरून येणाऱ्या होडीला ते पुरतं का हे आपल्या कस्टम्सकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालेल’ नको.

वल्हेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल विक्रेत्यांशी बोललो. ३३ टक्क्यांचा हिशेब ऐकून ते गप्पच झाले. त्यांना हे खरंच ठाऊक नव्हतं. निम्मा भार उचलायची तयारी दाखवली, पण बायको म्हणाली, उरलेल्या निम्म्याचं काय? ती होडी सोडली.

आता त्याच मॉडेलची, २००६ ची, नेदरलँड्समध्ये बघतोय. मालक खाजगी. यात काही मेख?

शिडाची_दोरी

संघाच्या आत, खाजगी माणसाकडून, जुनी होडी: तुम्हाला नवा व्हॅट नाही. ‘नवी’ होडी असती तर वेगळं. ७.५ मीटरहून लांब आणि वापरात येऊन तीन महिने झालेले नाहीत किंवा १०० तासांहून जास्त चाललेली नाही, तर व्हॅट तुमच्या देशात भरावा लागतो. २००६ ची होडी त्यात येत नाही.

पण ती मधल्या काळात बाहेर गेली होती का हे विचारा. पहिल्या विक्रीचं बिल, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचे कागद, आणि २०२० अखेरीस कुठे होती त्याची मरीनाची पावती. जुनी नोंदणी रद्द झाल्याचा दाखलाही घ्या.

तांडेल७

आणि खडू.

वल्हेकर

शनिवारी जाऊन आलो. बिलं तिन्ही आहेत, २०२० च्या हिवाळ्यातलं मरीनाचं भाडंसुद्धा, त्याच गावचं. मालकीणबाईंनी सगळं एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलंय. मी खडू काढला तेव्हा त्यांना वाटलं मी होडीवर काहीतरी लिहितोय. अनुक्रमांकात दोन शून्यं आहेत. बिल ऑफ सेल तिथेच टाइप करून घेतलं. दोन्ही शून्यंच आहेत.